मोर्शीच्या दवाखान्यासाठी वॉल्ट्झ

देशमुखसाहेबांचा बूट चौथ्यांदा माझ्या डाव्या पायावर पडला तेव्हा मी "स्टॉप" म्हणालो. साहेब थांबले नाहीत. आणखी दोन पावलं पुढे आले आणि मला भिंतीला टेकवूनच उभे राहिले.

"काय झालं मास्तर?"

"साहेब, आपल्याला भिंतीकडे जायचं नव्हतं."

"मले वाटलं तुमी तिकडं चालले."

"मी बाई आहे साहेब. आपण न्याल तिकडेच मी जाणार."

स्वयंपाकघराच्या बाजूने आचारी मोठ्याने खोकला. खोकला बराच वेळ चालला.

हे सगळं अमरावतीला, कँपातल्या एका बंगल्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये चाललं होतं. टेबल भिंतीला सरकवलं होतं, सतरंजी गुंडाळून ठेवली होती आणि बूट नीट सरकावेत म्हणून फरशीवर मी शंखजिऱ्याची पूड टाकली होती. मी बॉलरूमचा शिक्षक. बॉलरूम म्हणजे साहेबलोकांचा जोडीने करायचा नाच. वऱ्हाडात हा धंदा करणारा देशी माणूस त्या वेळी बहुधा मी एकटाच होतो.

वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. मी व्यायामशिक्षकाचा डिप्लोमा करायला मुंबईला गेलो आणि खर्च भागावा म्हणून एका डान्सिंग स्कूलमध्ये फोनोवर तबकड्या लावायचं काम धरलं. तिथे पुरुष शिष्य पुष्कळ, जोडीला उभं राहायला माणसं कमी. सहा महिन्यांत मला बाईच्या बाजूची सगळी पावलं यायला लागली, वर्षभरात पुरुषाच्या बाजूची. चार वर्षांनी गावी परतलो. सकाळी शाळेत ड्रिल, दुपारनंतर क्लबात नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना नाच. आई शेजारणींना सांगायची, "साहेबांनाही ड्रिलच शिकवतो." ते फारसं खोटं नव्हतं.

देशमुखसाहेब मोर्शीला तहसीलदार होते. नुकतीच बढती होऊन ते ई.ए.सी., म्हणजे एक्स्ट्रा असिस्टंट कमिश्नर झाले होते आणि महिन्याभरात त्यांना अकोल्याला रुजू व्हायचं होतं; तोवर ते ह्या बंगल्यात राहत होते. घर शेतीवाल्या देशमुखांचं, तालमीत वाढलेलं शरीर, मान बैलासारखी. त्यांनी मला बोलावणं धाडलं तेव्हा मला वाटलं, बढती झाली, आता क्लबात मिरवायची हौस आली असेल. पहिल्याच दिवशी मी तसं विचारलंही.

"हौस?" साहेब म्हणाले. "मास्तर, मले ह्या नाचाची सक्त शरम वाटते. पण मले मॅडमची तीन मिन्टं पायजेत."

मॅडम म्हणजे कमिश्नरसाहेबांच्या पत्नी. वऱ्हाडातल्या बायकांच्या दवाखान्यांची जी कमिटी होती, तिच्या त्या अध्यक्ष. मोर्शीच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर नव्हती. तिथे एक लेडी डॉक्टर आणि बाळंतपणासाठी वेगळ्या खोल्या द्याव्यात म्हणून साहेबांनी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा कागद 'नोटेड' असा शेरा घेऊन परत आला. मग ते कमिश्नरसाहेबांच्या बंगल्यावर स्वतः भेटायला गेले. मॅडमनी उभ्याउभ्या ऐकलं, "पुट इट इन रायटिंग" म्हणाल्या आणि आत गेल्या.

"आता अकोल्याच्या क्लबात टी डान्स हाये, दुपारच्या चहासंगं नाच," साहेब म्हणाले. "नव्या लाकडी फ्लोअरचं उद्घाटन मॅडमच्या हातानं. नाच सुरू असताना बाईले मधूनच निघून जाता येत नाई, खरं का?"

"खरं आहे. वाजणं थांबेपर्यंत सोडून जाणं असभ्य समजतात."

"किती वेळ वाजते?"

"तीन मिनिटं. कधी जरा जास्त."

"बस्स. तेवढं शिकवा."

आत दाराशी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. अनसूयाबाई. मी त्यांना वहिनीसाहेब म्हणायचो. त्या पुढे आल्या आणि मला सरळ म्हणाल्या, "मास्तर, माई मोठी जाऊ मोर्शीत बाळंतपणात अडली. पुरुष डॉक्टरले घरच्यायनं हात लावू देला नाई. गाडीत घालून अमरावतीले आणून रायले होते, ते रस्त्यातच गेली. ह्यायले नाच आलाच पायजे."

त्यानंतर मी हौसेबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. आमच्या हातात तीन आठवडे होते.

पहिली अडचण अंगाची. आमच्या नाचात सगळं उभं राहण्यावर असतं. पाठ सरळ, खांदे खाली, गुडघे मोकळे, नजर समोर. पुरुषाचा उजवा तळवा बाईच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली, डाव्या हातात तिचा उजवा हात, डोळ्यांच्या उंचीला. ह्या सगळ्या चौकटीला फ्रेम म्हणतात. फ्रेम मोडायची नाही. बाईला कुठे न्यायचं ते हाताने ओढून सांगायचं नसतं, आपण छाती वळवली की फ्रेम वळते आणि तिला कळतं. ह्याला लीड म्हणतात.

साहेब मात्र समोर माणूस आला की कुस्तीतल्या खडाखडीला उभे राहावेत तसे उभे राहायचे. गुडघे वाकलेले, पाठ गोल, मान आत, नजर माझ्या पायांवर. माझं मनगट तर असं धरायचे की संध्याकाळी मला जेवताना घास उचलणं जड जाई. मी आरशासमोर उभं केलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं, पाठीत मोजपट्टी खोचली. मोजपट्टी मोडली.

पाचव्या दिवशी वहिनीसाहेब आतून पाण्याचा पितळी गुंड घेऊन आल्या. अर्धा भरलेला. चुंबळीसकट तो त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

"आता चाला."

"अवो, पडन ना!"

"मी लगनाआधी इहिरीवरून दोन दोन आणत होती. पडला तं कळन तुमाले, मान कुठं हलली ते."

साहेब चालले. पहिल्या फेरीत गळ्यापर्यंत भिजले. तिसऱ्या फेरीत त्यांचे खांदे आपोआप खाली आले, मान वर आली, नजर समोर गेली आणि गुडघे मऊ झाले. मी मुंबईत चार वर्षं जे शिकलो ते सगळं त्या फेरीत माझ्यासमोर चालत होतं. मी माझी मोडकी मोजपट्टी पिशवीत घातली.

दुसरी अडचण कानाची, आणि ती जास्त अवघड. क्लबात छापील प्रोग्रॅम असतो, पण बँडवाले तो पाळत नाहीत. वाजायला लागलं की हा वॉल्ट्झ, हा फॉक्सट्रॉट, हा टँगो, हे आपण ओळखायचं. मी साहेबांना फक्त वॉल्ट्झ शिकवत होतो, कारण बाकीचं शिकवायला वेळ नव्हता. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. एकला मोठं पाऊल, दोनला बाजूला, तीनला पाय जुळवायचे. फॉक्सट्रॉट चारांचा, चालल्यासारखा, टाच आधी टेकवायची. टँगोत अंग वर-खाली होतच नाही, मांजर दबकतं तसं चालायचं. हे मी त्यांना करून दाखवलं. मग तबकड्या लावून परीक्षा घेतली.

"हा कोणता साहेब?"

"इंग्रजी."

"इंग्रजी खराच. पण कोणता?"

"फॉक्स... नाई. तो दुसरा."

दहा तबकड्यांत दोन बरोबर आल्या, त्याही अंदाजाने. साहेब चिडले. फॉक्सट्रॉट समजून ते वॉल्ट्झला बसून राहिले असते तर सगळी मेहनत पाण्यात, आणि वॉल्ट्झ समजून टँगोला मॅडमसमोर गेले असते तर त्याहून वाईट. मी पुन्हा वॉल्ट्झ लावला. साहेब खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मी विचारलं. ते म्हणाले, "फॉक्सट्रॉट."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं वाजत होती. एक जोरात, दोन हलके. एक जोरात, दोन हलके. अगदी बिनचूक.

मी पटकन तबकडी बदलून फॉक्सट्रॉट लावला. बोटांनी दोन क्षण वाट पाहिली आणि चार-चारांत चालू लागली.

"साहेब, बोटं काय करून राहिली आपली?"

साहेबांनी हाताकडे पाहिलं. "कुठं काय?"

"आपण काही वाजवता का?"

उत्तर वहिनीसाहेबांनी दिलं. "गावात भजनाले ढोलकी हेच वाजवत होते. तहसीलदार झाले अन् सोडली."

"मग हे काय वाजवलंत?"

साहेबांनी डोळे मिटले आणि पुन्हा बोटं चालवली. "हा तं केरवा हाये. अन् पयला होता तो दादरा." मग त्यांनी डोळे उघडले. "मास्तर! वॉल्ट्झ म्हणजे दादरा व्हय? कावून नाई सांगितलं मंग इतके दिवस?"

खरं सांगायचं तर हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी वीस तबकड्या ओळखल्या, सुई टेकल्या टेकल्या. पाय बोटांच्या मागे गेले. समेवर मोठं पाऊल पडू लागलं.

आता राहिलं बोलणं. नाचायचं ते बोलण्यासाठी, आणि साहेबांनी तोंड उघडलं की पाय थांबत. वहिनीसाहेब खुर्ची टाकून बसायच्या आणि आम्ही फिरत असताना प्रश्न टाकायच्या. "पावसाळ्यात मोर्शीचा रस्ता कसा असते?" साहेब थांबून उत्तर द्यायचे. मी मॅडम होऊन म्हणायचो, "हाउ इंटरेस्टिंग." साहेबांना हसू यायचं आणि ते पुन्हा माझ्या पायावर. शेवटी मी त्यांना एक सुटकेचं पाऊल शिकवलं. त्याला हेजिटेशन म्हणतात. एकला पाऊल टाकायचं आणि दोन-तीन नुसतं तोलून थांबायचं. पाहणाऱ्याला ते डौलदार दिसतं, करणाऱ्याला श्वास मिळतो.

शेवटच्या आठवड्यात वहिनीसाहेब म्हणाल्या, "ह्यायले बाईसंगं नाचाची सवय कुठं हाये? मास्तर, मले शिकवा." दार लावून घेतलं, आचाऱ्याला बाजारात पाठवलं. नऊवारीत त्यांनी चार दिवसांत बाईची बाजू उचलली. मी फोनोपाशी बसून नुसता पाहत होतो. नवरा-बायको पहिल्यांदाच एकमेकांचा हात धरून उजेडात उभे असावेत. दोघंही गंभीर चेहऱ्याने मोर्शीच्या दवाखान्याबद्दल बोलत गोल फिरत होते. मध्येच साहेब देवळातल्यासारखे प्रदक्षिणेच्या दिशेने निघाले. "उलटं साहेब, उलटं! नाचात सगळ्या जोड्या डाव्या हाताने फिरतात," असं मी ओरडलो तेव्हा मात्र वहिनीसाहेब हसून खाली बसल्या.

टी डान्सच्या दिवशी आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. क्लबाने मला फ्लोअरसाठी बोलावलंच होतं. लाकडाच्या फ्लोअरवर पूड किती टाकायची हेही एक कसब असतं. जास्त झाली तर लोक घसरतात, कमी झाली तर बूट अडतात. चारच्या सुमाराला बँड सुरू झाला. मी पुडीचा डबा घेऊन बँडच्या शेजारी उभा. देशी अधिकाऱ्यांच्या बायका व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर चहा घेत बसल्या होत्या. वहिनीसाहेब त्यांच्यात, पण तोंड हॉलकडे करून.

पहिले दोन फॉक्सट्रॉट झाले. मी मॅडमना पाहत होतो. बाई उंच, हाडापेराने मजबूत, रोज घोड्यावर बसणाऱ्या. लगाम आपल्याच हातात ठेवायची त्यांना सवय. नाचात लीड पुरुषाने द्यायची, पण मॅडम ती घ्यायच्याच नाहीत. एका पोलिस अधिकाऱ्याला त्यांनी कोपऱ्यात नेऊन सोडलं, दुसऱ्या एका साहेबाला खांबावर. ही शक्यता मी शिकवणीत धरलीच नव्हती.

मग वॉल्ट्झ सुरू झाला आणि माझा उरलासुरला धीर गेला. तो व्हिएनीज होता. तोच तीनाचा हिशोब, पण जवळपास दुप्पट वेगाने. आमचा सगळा सराव सावकाश वॉल्ट्झचा. मी साहेबांकडे पाहून मान हलवली. नको, नको. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांची बोटं कोटाच्या शिवणीवर वाजत होती. द्रुत दादरा ओळखून ते उठले, सरळ मॅडमसमोर गेले आणि वाकून म्हणाले, "मे आय हॅव द प्लेजर, मॅडम?"

मॅडमनी पहिल्याच वळणाला त्यांना खिडकीकडे ढकललं. साहेब गेले नाहीत. त्यांनी उलट ढकललंही नाही. तालमीतला माणूस नुसता पाय रोवून उभा राहतो तसे ते फ्रेम धरून राहिले आणि मॅडमच वळल्या. दुसऱ्या वळणाला मॅडमनी जास्त जोर लावला. पुन्हा तेच. त्या वेगात सगळी पावलं टाकणं साहेबांना जमणार नव्हतंच. त्यांनी हेजिटेशन धरलं. एकला पाऊल, मग थांबणं. आजूबाजूच्या जोड्या भिंगरीसारख्या गरगरत होत्या. साहेब त्यांच्यामधून मालगाडीसारखे शांत चालले होते, आणि दम खात बोलत होते.

जोडी फिरत बँडपाशी आली की तेवढं मला ऐकू यायचं. पहिल्या फेरीत: "...द निअरेस्ट लेडी डॉक्टर, मॅडम..." दुसऱ्या फेरीत: "...बाय बुलक कार्ट, इन द रेन्स..." तिसऱ्या फेरीत: "...टू रूम्स आर ऑलरेडी देअर, ओन्ली द रूफ..." मॅडमचा चेहरा लाल झाला होता. ढकलण्यात त्यांचा सगळा दम गेला होता. त्या मध्ये काही बोलूच शकत नव्हत्या. फक्त "येस... येस..." इतकंच.

बँड थांबला. मॅडमनी रुमालाने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "ह्या क्लबात मला ढकलता न आलेला तुम्ही पहिला माणूस. कोणी शिकवलं तुम्हाला?"

मी पुडीचा डबा खाली ठेवून कोट नीट केला.

"माय वाइफ, मॅडम," देशमुखसाहेब म्हणाले.

क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मॅडम तोवर व्हरांड्याकडे निघाल्या होत्या आणि दुभाषी म्हणून मलाच मागोमाग बोलावलं गेलं. वहिनीसाहेब उठून उभ्या राहिल्या. मॅडमनी नाचाचं कौतुक केलं. मी ते मराठीत सांगितलं.

वहिनीसाहेब म्हणाल्या, "नाचाचं मंग पाहू. तिले इचारा, माई जाऊ मेली तवा तुमची कमिटी होती का नाई?"

मी घाबरलो. इंग्रजीत म्हणालो की बाईंना नम्रपणे जाणून घ्यायचं आहे, ही थोर कमिटी साधारण किती काळापासून कार्य करते आहे, आणि त्यांच्या कुटुंबात एक दुःखद घटना घडली होती, वगैरे.

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. "त्या इतकं लांब बोलल्या नाहीत. जसं बोलल्या तसं सांगा."

मी जसंच्या तसं सांगितलं. देशमुखसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आपली बढती चालली असं त्यांना वाटलं असावं, आणि मला माझी क्लबातली नोकरी.

मॅडमनी हातातला रुमाल घडी केला. "कमिटी होती," त्या हळूच म्हणाल्या. "मी नव्हते."

मी सांगितलं. वहिनीसाहेब लगेच म्हणाल्या,

"मंग आता तं तुमी हाये ना."

हे इंग्रजीत सांगायला मला काहीच अवघड गेलं नाही. मॅडम खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसल्या. "तो कागद माझ्याकडे पुन्हा पाठवा," असं त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून नक्कल काढली. घामाने ती थोडी ओली झाली होती. मॅडमनी ती तिथेच वाचली. पुढचे दोन नाच त्या उठल्याच नाहीत आणि मी तितका वेळ जावेबद्दल, रस्त्याबद्दल, छपराबद्दल बोलणं इकडून तिकडे करत राहिलो.

उन्हाळा संपायच्या आत मोर्शीला आठवड्यातून दोन दिवस अमरावतीहून लेडी डॉक्टर मोटारीने जायला लागली. पुढच्या वर्षी तिथे कायमची लेडी डॉक्टर आली, खोल्यांवर छप्पर आलं. देशमुखसाहेब त्यानंतर एकदाही नाचले नाहीत. पुढच्या टी डान्सला ते हातात कप घेऊन भिंतीशी उभे होते. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "काम झालं ना मास्तर." वहिनीसाहेबांनी मात्र मला निरोप धाडून बोलावलं आणि दुसरा तो चालल्यासारखा नाच होता तो राहिला आहे, म्हणून सांगितलं. त्यांना मी फॉक्सट्रॉट शिकवला. उत्तम करायच्या, पण जोडीला मीच, आणि दार बंद.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं शिकवलं. नव्या शिष्याला मी पहिल्यांदा विचारतो, कशासाठी शिकायचंय? ज्याला कारण असतं तो तीन आठवड्यांत शिकतो आणि निघून जातो. ज्याला काही कारण नसतं तो वर्षानुवर्षं येत राहतो, त्याची पाठ काही सरळ होत नाही, आणि शिक्षकाचं घर चालतं ते त्याच्यावर.